कानामागून डब्यात

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. शेंगदाण्याएवढे, मळकट रंगाचे. सध्या एका खणात, तुटक्या बटणांच्या शेजारी पडून असते.

कारखान्यात भिंगाखाली धरून मला जोडले गेले आणि तिथून मी आले ते थेट एका आजोबांच्या उजव्या कानामागे. आजोबा घड्याळे दुरुस्त करत. पहिल्याच दिवशी दुकानातली टिकटिक ऐकून ते दचकून उभे राहिले. “अगं, ही सगळी चालू आहेत की!”

डबा घेऊन आलेल्या आजी हसल्या. “ती चालूच होती. तुम्हीच बंद पडला होतात.”

आजींचा आवाज मुळातच बारीक. तो आजोबांपर्यंत पोचवणे, हे माझे खरे काम.

माझे कौतुकही फार झाले. कानाच्या दवाखान्यातल्या ताई आपल्या खुर्चीत बसून दुरूनच माझा आवाज कमीजास्त करत. आजोबा घरात, ताई चार गल्ल्या पलीकडे! शेजारी मुद्दाम बघायला येत.

हेच कौतुक पुढे माझ्या अंगाशी आले. कुठेतरी दूर लोकांच्या खिशातली यंत्रे कुणीतरी लांबूनच उडवून दिली, अशी बातमी आली. जो तो आपल्या मोबाइलकडे संशयाने पाहू लागला. मुलगा घाबराघुबरा होऊन आला.

“बाबा, काढा ते. ताईंना दुरून आवाज वाढवता येतो, तर दुसऱ्या कुणाला काय काय करता येत असेल?”

“अरे, जन्म गेला माझा यंत्रं उघडण्यात.”

“ती टेबलावर होती. हे कानात आहे!”

पोराचा उतरलेला चेहरा बघून आजोबांनी मला काढले. मला पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीत, कुंड्यांच्या मागे ठेवण्यात आले. सेल काढायचीही कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे मी ऐकत राहिले. दार वाजले, भांडे पडले, आजी काहीतरी पुटपुटल्या. सगळे माझ्यापर्यंत येई, पण ते ओतायला समोर कान नव्हता. एवढे एकटे मला कधीच वाटले नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी गॅलरीलगतच्या स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. मग हाक आली, “अहो...” थोड्या वेळाने पुन्हा, “अहो, ऐकलंत का?” आजोबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. हाका बारीक होत गेल्या. तासाभराने आजोबा पाणी प्यायला आत आले, तेव्हा त्यांना आजी फरशीवर पडलेल्या दिसल्या. कमरेचे हाड मोडले होते; त्यांना इस्पितळात नेले.

त्या संध्याकाळी आजोबांनी मला डब्यातून काढले. डोळ्याला भिंग लावून मुलासमोर उघडले. “बघ. मसुरीच्या डाळीएवढा सेल आणि केसासारख्या तारा. यात उडण्यासारखं काय आहे, दाखव.” मुलगा खाली मान घालून पाहत राहिला.

मग आजोबांनी दवाखाना गाठला. “याच्यापर्यंत कुणाकुणाला पोचता येतं? खरं सांगा.”

ताई म्हणाल्या, “आमच्याशिवाय कुणालाच नाही, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण ती दुरूनची सोय बंद करता येते.”

“करा बंद. मी येत जाईन चालत.”

तिथून आम्ही थेट इस्पितळात गेलो. आजींनी आजोबांच्या कानाकडे पाहिले. “किती हाका मारल्या मी.”

“आता मार.”

“अहो.”

“ओ,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवले.

आजी काठी टेकत घरी आल्या. पुढे दोन वर्षे मी त्यांचा शब्दन् शब्द आजोबांना पोचवला. मग आजोबा गेले. मुलाने माझा सेल काढला, मला रुमालाने पुसले आणि या खणात ठेवले. त्यानंतर मला काहीच ऐकू आलेले नाही.

मित्रांनो, आमची भीती वाटली तर जरूर विचारा. आम्हाला उघडून बघा, नको ती सोय बंद करून घ्या. पण एखाद्याचे यंत्र काढून घ्याल, तेव्हा तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.