निम्म्या विजेचं यंत्र

धुलाईखान्यात कपडे वाळवायचं नवं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो ताईला. वीस वर्षं ती ओल्या चादरी उपसत होती. जुनं धूड एका फेरीला दीड तास खायचं. नवं पाऊण तासात, तेही निम्म्या विजेत, मोकळं व्हायचं. म्हणजे चारला सुट्टी. घरी तिचे म्हातारे बाबा होते. उजेड असेपर्यंत ते तिला ओळखायचे. दिवस कलला की मुलगी काय आणि शेजारीण काय, त्यांना सारखीच.

पहिले आठ दिवस ती खरंच ऊन असताना घरी पोचली. बाबांनी तिला नावानं हाक मारली, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरलेसुद्धा. ती कुरकुर ऐकून तिला भरून आलं.

मग मालकांना हाव सुटली. एवढी वीज वाचतेय तर यंत्र रिकामं कशाला ठेवायचं? त्यांनी आणखी दोन हॉटेलांचं काम घेतलं, मग एका दवाखान्याचं. पण सगळं खापर मालकांच्या डोक्यावर फोडून कसं चालेल? पायपुसणी पूर्वी गच्चीवर दोरीला वाळायची. तीन जिने चढून ताईचे गुडघे बोलायला लागले होते. एके दिवशी तिनंच ती यंत्रात कोंबली. मग पडदे, मग फडकी. गच्चीवरचं ऊन फुकट जाऊ लागलं.

महिनाअखेरीला बघतात तो वीज पूर्वीपेक्षा जास्तच जळलेली. विकणाऱ्यानं आपल्याला टोपी घातली, असं मालकांचं ठाम मत. वायरमन आला, तासभर तपासत बसला.

"यंत्रात खोट नाही," तो म्हणाला. "फेरीला निम्मीच वीज घेतंय. पण तुम्ही फेऱ्या तिप्पट केल्यात, त्याला ते तरी काय करणार?"

मालकांनी मान डोलावली आणि याहून काटकसरी असं दुसरं यंत्र मागवलं. हसावं की रडावं, ताईला कळेना. चारला जायचं विचारावं असं तिच्या ओठांवर आलं. पण पायपुसण्यांची आठवण होऊन तिला स्वतःचाच राग आला, आणि न विचारताच तिनं पुढची फेरी लावली.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. तिनं ताट वाढलं, घास पुढे केला. त्यांनी हळूच तिचा हात बाजूला सारला.

"तुम्ही कशाला त्रास घेता, बाई," ते अदबीनं म्हणाले. "माझी मुलगी येईलच आता. ती उजेडातच येते."

"बरं," ताई म्हणाली, आणि तो घास हातात तसाच धरून त्यांच्या शेजारी बसली.