निळ्या ज्योतीची शिदोरी

या मित्रांनो, असे जवळ सरका. पांडुरंगाचं नाव घेऊन आज तुम्हांला एक गोष्ट सांगते. ती आठवली की माझं लोखंड आजही शहारतं.

मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे. जाफराबाद तालुक्यातल्या एका खेड्यात, रखमाजींच्या परसात, गंजून पडले आहे. माझा जन्म जालन्यातला. पत्रा वाकवून, सांधे जोडून, काळा रंग देऊन मला ट्रॅक्टरवर चढवलं, तेव्हा १९८५ साल होतं. गावात उतरले तर पोरं ओरडली, "केवढी मोठी कढई!"

मला आणलं ते रखमाजींच्या बायकोसाठी, केशरबाईसाठी. जन्मभर चुलीपुढे बसून तिचे डोळे सदा लाल, सदा पाणावलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, धूर सोडा, नाहीतर दिसणं सुटेल."

मग परसात विहिरीसारखा गोल खड्डा बांधला. त्यात शेण आणि पाणी कालवून सोडलं आणि वर मला पालथं ठेवलं. आत हवेला वाट नसते. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव ते शेण कुजवतात आणि त्यातून जळणारा वायू निघतो. वायू साठला की मी तरंगत वर यायचे. स्वयंपाक झाला की हळूहळू खाली बसायचे. उरलेला गाळ शेताला खत म्हणून जायचा.

त्या वायूत ही ऊर्जा आली कुठून? सूर्याकडून! उन्हावर ज्वारी वाढली, तिचा कडबा बैलानं खाल्ला, बैलानं शेण दिलं. ऊर्जा कुणी नवी घडवत नाही. ती नुसते वेश बदलते, कीर्तनात एकच देव नाना रूपांनी भेटतो ना, तशी. रॉकेल आणि कोळसा जमिनीतून काढला की तेवढा संपला. ऊन मात्र रोज उगवतं, शेण रोज पडतं.

पुढे पावसानं दगा दिला. गोठ्यातली निम्मी जनावरं गेली. शेण पुरेना, मी वर येईना आणि केशरबाई पुन्हा चुलीपुढे खोकू लागली, तिला अंधुक दिसू लागलं. तेव्हा मला बसवणारा मिस्त्री म्हणाला, "नवा संडास बांधलाय ना? त्याची नळी ह्याच खड्ड्यात सोडा."

मित्रांनो, मला धक्काच बसला. ज्या ज्योतीवर देवाचा नैवेद्य शिजतो, तिच्या पोटात हे? पण वायू आला तो तसाच. तशीच निळी ज्योत, जळताना ना धूर, ना वास. घाण खड्ड्यातच राहते, नळीतून जातो तो फक्त वायू. मी मुकाट्यानं वर येऊ लागले. रखमाजींनी मात्र केशरबाईला बजावलं, "गावात बोलू नको."

चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. आमच्याकडे काल्याला घरोघरची शिदोरी एकाच भांड्यात कालवतात आणि सगळं गाव एका पंगतीत ती खातं. त्या सकाळी रखमाजी म्हणाले, "आजच्या दिवस चुलीवर कर. कोणाला काय कळतंय?"

"चुलीवर केलं म्हंजे गॅस इटाळाचा हाये असं मीच म्हटल्यासारखं होईन," केशरबाई म्हणाली. "अन् देवाच्या टोपलीत लपवून घालू का?"

"मंग ऐकून ठेव. गावानं शिदोरी परत केली तर ती नळी तोडीन, अन् टाकीबी उचलीन."

थोड्या वेळानं कारभारी नावाचे टाळकरी शिदोरी गोळा करायची टोपली घेऊन दारात आले. "शिदोरी वाढा, वैनी!"

"आधी ऐका भाऊजी, मंग घ्या. आमच्या गॅसात संडासाचंबी येतं."

कारभारींनी टोपली पाठीमागे नेली. "वैनी, काल्याच्या दिवशी मस्करी करून राह्यल्या का?"

"न्हाई."

शेजारची नंदाबाई कुडावरून किंचाळली, "अगं माय! अन् मी पाडव्याला हिच्या घरची दोन वाट्या खीर पेले की!"

"वाटी चाटली तुम्ही, नंदाबाई," केशरबाई शांतपणे म्हणाली.

कारभारी रिकाम्या टोपलीनं गेले. केशरबाईनं भाकरी फडक्यात बांधल्या आणि ती स्वतःच देवळाकडे निघाली. चैत्राच्या उन्हानं वायू भराभर साठत होता. मी वर वर आले, इतकी की भिंतीपलीकडचं देऊळ दिसू लागलं.

रामकिसन महाराजांचं काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. कारभारींनी त्यांच्या कानात काही सांगितलं. चिपळ्या थांबल्या. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली.

"खोटं बोलत न्हाई," महाराज शेवटी म्हणाले, "ऐकून मलाबी मळमळलं." मग त्यांनी केशरबाईला जवळ बोलावलं. "माय, डोळ्याला कसं हाये?"

"आता तुमचं तोंड दिसून राह्यलं, महाराज. मागल्या साली निस्ता आवाज ऐकून गेल्ते."

महाराजांनी फडकं सोडलं, भाकरी भांड्यात कुस्करली, काला कालवला. "गोपाळांची शिदोरी घेताना देवानं कोणाची चूल विचारली न्हाई," ते म्हणाले आणि पहिला घास त्यांनी स्वतः घेतला.

पंगत बसली, आणि तिच्यातून एक माणूस उठला. मी पाहतच राहिले. ते रखमाजी होते! रोज दोन्ही वेळा त्याच ज्योतीवरचं जेवणारे रखमाजी, गाव हसेल म्हणून सगळ्यांत आधी उठले. त्यांच्यामागे आणखी काही जण उठले. नंदाबाई मात्र बसून राहिली. डोळे घट्ट मिटून तिनं घास गिळला.

दुपारी केशरबाई घरी आली. रखमाजी ओट्यावर मान खाली घालून बसले होते.

"चहा ठेवू का?"

"ठेव." मग मान न उचलताच, "भेलो गं मी."

"तुम्ही उठलेले दिसले मला," ती म्हणाली. "डोळे चांगले हायेत आता."

तिनं निळी ज्योत पेटवली. रखमाजींनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. नळी कुणी तोडली नाही.

पुष्कळ वर्षं मी त्या घराला शिजवून घातलं. पुढे गोठा रिकामा झाला, सिलिंडर आलं, मला रंग द्यायचं राहून गेलं. गंजानं भोकं पडली आणि वायू धरेना. मित्रांनो, तुमच्या गावात माझी एखादी बहीण अजून तरंगत असेल तर तिला रोज खाऊ घाला, वर्षाला रंगाचा हात द्या. आणि माझं नाव विसरलात तरी चालेल, पण बिनधुराची ज्योत पेटवताना केशरबाईची आठवण ठेवा.