फुकटची शाबासकी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगावर तीन खाचा आहेत, एक गोल, एक चौकोनी आणि एक त्रिकोणी. त्यांत बसणारे तीन रंगीत ठोकळे हीच माझी सारी दौलत. माझी गोष्ट फार मोठी नाही, पण ती सांगताना मला अजून ओशाळल्यासारखे होते.

एका सुताराने मला घडवले. लहान मुलांच्या हाताला टोचू नये म्हणून त्याने माझ्या कडा इतक्या घासल्या की त्याची बायको म्हणाली, "अहो, फळी उरेल ना?" मी उरले आणि एका शाळेत आले. उशिरा बोलणारी, उशिरा चालणारी, आपल्याच चालीने शिकणारी लहान मुले तिथे येत. त्यांनी मला आपटले, चाटले, त्रिकोणाचा एक कोपरा तर कुरतडून गोलच करून टाकला. तरी बाई म्हणत, "ही फळी आहे म्हणून आपला वर्ग चालतो." ते ऐकून मी पाण्यात न पडताच फुगत असे.

पुढे दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. कुणी ढुंकूनही पाहीना. मग एक दिवस नव्या ताईचा हात वर आला.

ही ताई अशा मुलांची शिक्षिका होण्यासाठी शिकत होती आणि सरावाला आमच्या शाळेत येत होती. तिचा आधीचा पाठ साफ फसला होता. गाणाऱ्या खेळण्याला मूल घाबरले आणि टेबलाखाली जाऊन बसले. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावले होते, "पुढचा पाठ जमला नाही, तर वर्ष जाईल." म्हणून तिला आवाज न करणारे काहीतरी हवे होते. तिने मला रुमालाने पुसले. मला गहिवरून आले.

तिची विद्यार्थिनी होती बबडी, चार वर्षांची. ती बोलत नसे आणि कुणाकडे बघतही नसे. हाक मारली तर खिडकीकडे बघे, जवळ घेतले तर छताकडे. तिची आई दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करी. ती म्हणे, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो, ताई."

ताई बबडीसमोर बसे, मला मधे ठेवी, हातात ठोकळा देई आणि विचारी, "कुठे?" सुरुवातीला ठोकळे भिंतीवर आदळले. हळूहळू ते खाचांत बसू लागले. परीक्षेच्या दिवशी तर बबडीने तिन्ही ठोकळे अचूक बसवले. मोठ्या बाईंनी 'उत्तम' असा शेरा लिहिला. दारात उभी असलेली आई तोंडावर हात ठेवून रडली. जाता जाता कुणीतरी माझ्यावरूनही हात फिरवला.

पण मित्रांनो, मी उताणी पडलेली असते. मला दोघींचे चेहरे दिसतात. "कुठे?" म्हणताना ताईची नजर बरोबर त्या खाचेवर जाऊन बसे. हे मी रोज पाहत होते. मला वेडीला वाटे, ती माझ्याकडेच कौतुकाने बघते आहे!

आई म्हणाली, "ताई, फळी घरी नेऊ का? हिच्या बाबांना दाखवते." ताईने आनंदाने मला पिशवीत घातले.

संध्याकाळी बाबा चहाचा कप घेऊन समोर बसले. आईने बबडीच्या हातात गोल ठोकळा दिला आणि मोठ्या आशेने तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारले, "कुठे?" बबडी थांबली. मान वर करून ती आईच्या डोळ्यांत बघू लागली.

"अगं, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? खाली बघ!"

बबडी बघतच राहिली. बाबा उठून गेले. दिवसभराची दमलेली आई, तिचा हात उठला. चपराकीचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईने मला परत आणले. "मुद्दाम करते हो. इथे सगळं येतं, घरी नुसता हट्ट. सारखी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती."

"तोंडाकडे?" ताईचा चेहरा उतरला. तिने बबडीला ठोकळा दिला, स्वतः मान वळवली आणि विचारले, "कुठे?" बबडीचा हात अधांतरी राहिला. मग ती वाकली आणि ताईचे डोळे शोधू लागली.

ताई आईकडे वळली. "तिला आकार येतच नाहीत. मी खाचेकडे बघते, ते बघून ती बसवते. मला कळलंच नाही. तिचं काही चुकलं नाही हो, चूक माझी आहे."

आईने बबडीच्या गालावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "चूक तुमची, हात माझा, आणि गाल मात्र तिचा." थोड्या वेळाने तिच्या काहीतरी ध्यानात आले. "म्हणजे काल ती माझ्याकडे बघत होती? चार वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. आणि मी तिला म्हटलं, खाली बघ."

ती बबडीपुढे गुडघ्यांवर बसली. "बघ गं, बबडे. आता बघ माझ्याकडे."

बबडी खिडकीकडे बघत राहिली.

ताईने स्वतःहून मोठ्या बाईंना सगळे सांगितले. शेरा खोडला गेला, पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आता "कुठे?" विचारताना ती बबडीच्या कपाळाकडे बघते. मलाही पुन्हा काम मिळाले, पण फुगावेसे वाटत नाही. मित्रांनो, एखादे लहान मूल अडले, तर त्याच्यावर हात उगारू नका. ते आपल्याकडे काय मागते आहे, ते आधी बघा. मला दिसत होते, पण तोंड नव्हते. तुम्हाला डोळेही आहेत आणि तोंडही.

आई आता रोज काम आटोपून वर्गात येते. बबडीसमोर बसते. हाक मारत नाही, हनुवटीला हात लावत नाही. नुसती वाट बघते.