भोक वजा करून

"मिस्त्री, ही घ्या तुमची पट्टी!" गॅरेजवाल्या काकांनी फाटलेली लोखंडी पट्टी बाबांच्या टेबलावर आपटली. "इंजिन दाणकन खाली! आमचा मेकॅनिक थोडक्यात वाचला. चपला सोडून पळाला, त्या अजून इंजिनाखालीच आहेत."

दप्तर पाठीवर घेऊन मी वर्कशॉपच्या दारातच थिजले. पट्टी बरोब्बर भोकापाशी फाटली होती.

ती पट्टी म्हणजे माझा पराक्रम! इंजिन उचलायच्या साखळीला ती पिनेनं जोडायची होती. बाबा म्हणाले, "पासष्ट मिलिमीटर रुंद घेऊ." का, तर हाताला तसं वाटतं म्हणून! मी नुकतीच तांत्रिक विषयात पहिली आलेले, माझे पाय कुठले जमिनीवर असायला? खडूनं फरशीवर मांडलं. रुंदी चाळीस, जाडी दहा, क्षेत्रफळ चारशे. ओढ तीन टनांची, म्हणजे तीस हजार न्यूटन. भागिले चारशे. ताण पंच्याहत्तर, आणि शंभरपर्यंत चालतो. झालं की!

पिनेसाठी पंचवीसचं भोक पाडताना बाबा घुटमळले होते. "दोन्ही बाजूंना अंग फार कमी उरतंय गं."

"बाबा, गणित झालंय. अंदाजपंचे नको."

"बरं, इंजिनियरबाई," म्हणून हसले होते. केवढ्या कौतुकानं!

आणि मी भोकाची जागा वजाच केली नव्हती.

"चूक माझी," बाबा आता शांतपणे म्हणाले.

"काका, गणित माझं होतं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा पासष्टच म्हणत होते."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वीस वर्षं येतोय मी इथं. आता पोरीला पुढं करता होय, मिस्त्री? राहू द्या. दुसरीकडं बघतो मी."

बाबांचे कान लाल झाले. खरं बोलून मी त्यांना आणखीच खाली पाडलं होतं.

काका गेले. बाबांनी नवी पट्टी कापायला घेतली.

"ते नेणार नाहीत ना आता?"

"नेतील, न नेतील. आपलं काम अर्धवट राहिलंय." पट्टी कापून झाल्यावर त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "मांड."

"नको ना, बाबा."

"भोक पाडायच्या आधी मांड."

मी उकिडवी बसले. पासष्टातून पंचवीस गेले, चाळीस. गुणिले दहा, चारशे.

"ताण किती?"

"पंच्याहत्तर," मी कसंबसं म्हणाले.

बाबांनी नुसती मान हलवली आणि ड्रिल सुरू केलं. लोखंडाचा गरम कीस माझ्या आकड्यांवर पडत राहिला.