खळीचे हात

"हात तरी धुऊन आली असेल का," सासूबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या. म्हणजे मला ऐकू जाईल इतक्याच हळू.

नव्हते धुतले. हातातलं काम टाकून ये, असा गल्लीची दृष्ट-बाधा उतरवणाऱ्या माताजींचाच निरोप होता, म्हणून लॉन्ड्रीतून तशीच धावत आले होते. धाकट्या जावेच्या खोलीत सगळी गल्ली लोटली होती. मधोमध माताजी, अंगावर पांढरीशुभ्र कडक ओढणी, पुढ्यात काचेच्या वाडग्यात फिकट चहासारखं पाणी. जावेचं दोन महिन्यांचं बाळ दूध ओकत होतं, दिवसेंदिवस सुकत होतं. माताजींच्या मते घरातल्या कुणाचा तरी हेवा त्याला पोखरत होता. त्या माणसाचं बोट लागलं की पाणी काळं पडणार होतं. त्यांच्या पाण्याला म्हणे सहावं इंद्रिय होतं. बिचाऱ्या डॉक्टरकडे पाचच.

बाकीच्यांना हात धुवायला लावलेच होते. माझी पाळी आली तेव्हा माताजी म्हणाल्या, हात राहू दे, मला मन तपासायचंय.

सासूबाईंनी, दिराने, शेजारणीने बोट बुडवलं होतं, पाणी तसंच. मी बुडवलं, आणि बोटाभोवती शाई सांडावी तसं निळंकाळं वलय पसरलं.

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, कूस उजवली नाही, हे गल्लीला पाठ होतं. जावेने बाळ छातीशी धरून पाठ फिरवली. माताजींनी उपाय सांगितला: नऊ दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि बाळाला कसलंही औषध द्यायचं नाही.

वाईट म्हणजे मला ते पटलं. जाऊ बाळाला झोपवताना गुणगुणायची, तेव्हा स्वयंपाकघरात मी भांडी आपटायची. पाण्याने बरोबर ओळखलं, असंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी कॉलरच्या टाचणीने बोट चिरलं. लॉन्ड्रीच्या मालकांनी त्यावर आयोडीन ओतलं, जखमेचं तपकिरी औषध. मी तसाच हात खळीच्या बादलीत घातला आणि बादलीत तेच वलय! मालक वैतागले, इतकी वर्षं कपड्यांना खळ देतेस, आयोडीन लागलं की खळ काळी पडते हे ठाऊक नाही? नव्हतं ठाऊक. माताजींना होतं, आणि माझ्या हाताला खळ असते हेही; त्यांची ओढणी दर आठवड्याला माझ्याच हाताखाली कडक होत होती.

संध्याकाळी माताजी पुन्हा ते पाणी घेऊन बाळाला बघायला आल्या तेव्हा नियम मोडून मी खोलीत शिरले. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, मग बोट बुडवलं. पाणी फिकटच. मग त्यांच्या ओढणीचं टोक वाडग्यात सोडलं. काळंठिक्कर. आता तुमचं मन कुणाचा हेवा करतंय, असं मी विचारलं. त्यांना एकदम कुठलंसं तातडीचं बोलावणं आठवलं. वाडगा तिथेच राहिला.

मग मी सगळ्यांना सांगितलं, पाण्यात आयोडीन, हाताला खळ. दोन वस्तू भेटल्या की रंग बदलतो. माणसाचं मन पाण्याला वाचता येत नाही. सासूबाई लगेच म्हणाल्या, त्यांना वाटलंच होतं, मोठीचं मन आरशासारखं आहे. शेजारणीने मान डोलावली. सुटले होते मी. पण जाऊ बाळाला घट्ट धरूनच होती, नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"हेवा वाटतो मला," मी तिला म्हणाले. "तू याला घेतलंस की पोटात आग पडते माझ्या. रोज. पण माझ्या हेव्याने याचं दूध उलटत नाही गं. चल, दवाखाना अजून उघडा असेल."