माझ्या पोटातला चांदोबा

“चंद्र बोलते म्हणता ना जी, मंग रेडिओ बंद असतानी बी कसा बोलते?”

हा प्रश्न विचारायची पैज शकूच्या मैत्रिणींनी लावली होती. विचारायचा तोही भर चावडीत, सरपंच बापूजींना. तो विचारला गेला म्हणूनच मी आज तुमच्याशी बोलतोय, मित्रांनो. मी एक जुना रेडिओ आहे. चावडीच्या कोनाड्यात बसून बसून पार थकलेला.

माझ्या पेटीचं लाकूड इकडचंच, आलापल्लीच्या जंगलातलं सागवान. ओंडका होऊन मी जंगल सोडलं. दूरच्या कारखान्यात माझ्या पोटात तारा, काचेचे दिवे आणि कागदी पडद्याचा भोंगा बसवला. मग एका हिवाळ्यात बैलबंडीत, धानाच्या तणसावर बसून मी परत आलो. सोबत गुळाच्या ढेपेसारखी जड बॅटरी. काय कौतुक झालं माझं! बायांनी ओवाळलं. आवाज पकडायला चिंचेपासून वडापर्यंत तांब्याची तार ताणली. गावातले म्हातारे मुखरूभाऊ, कानांनी जरा अधू, त्यांनी बातम्यावाल्याला मोठ्यानं रामराम घातला आणि तो उलटून रामराम करीना म्हणून दोन दिवस रुसून बसले.

मग मी बोलतच राहिलो. बातम्या, भजनं, पावसाचा अंदाज, धानावरच्या रोगाची औषधं. सहा वर्षं मी फक्त दुसऱ्यांचं बोललो. माझं स्वतःचं काही कुणी विचारलं नाही. गोंडपिपरीचे नवाब मिस्त्री तेवढे दर पोळ्याला यायचे, माझी पाठ उघडून धूळ झटकायचे. “थकला गा तू बी,” म्हणायचे. पुढे पंचायतीला त्यांना बोलावायचा विसर पडला. दोन पोळे गेले. पाठीच्या झाकणाचा एक स्क्रू गळाला आणि फट पडली.

त्या फटीतून कुंभारीण आत आली. कुंभारीण म्हणजे ओल्या मातीचं घर लिंपणारी, बारीक कमरेची माशी. दुपारभर माती आणायची आणि लिंपताना घूंऽऽ करायची. तिनं घर धरलं ते नेमकं माझ्या भोंग्याच्या मागे.

हे झालं १९५९ च्या भादव्यात. रशियाचं यान चंद्रावर जाऊन आदळलं, ही बातमी मीच गावाला सांगितली. नंतर एका दुपारी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम लागला, तो ऐकायला अख्खी शाळा चावडीत आली. त्यात यानानं वाटेत धाडलेला आवाज ऐकवला. टिंव, टिंव, टिंव. “आणि इथे यान चंद्राला टेकलं,” निवेदक म्हणाला. आवाज थांबला. निवेदकही क्षणभर गप्प राहिला.

नेमकी तेव्हाच कुंभारीण कामाला लागली. घूंऽऽ. घूंऽऽ.

सारी मुलं थिजली. “ऐकलं का? चांदोबानं हुंकार देल्ला!” बापूजी ओरडले.

“चांद्याहून आवाज आला त्यात का नवल?” मुखरूभाऊंनी ‘चांदोबा’चं ‘चांदा’ ऐकलं, आमचं जिल्ह्याचं गाव. “मी तं मंगळवारीच चांद्याले जाऊन आलो!”

हसायला कुणाला फुरसत होती? आसपासच्या गावांहून बंड्या येऊ लागल्या. माझ्या बटणांना कुंकू लागलं. एकदा तर नारळाचं पाणी थेट माझ्या तारांवर सांडलं. “कोणी हात नाई लावाचा,” असा बापूजींनी दंडक घातला. बातम्या बंद, पावसाचा अंदाज बंद. धान शेतात उभं होतं आणि आभाळात काय आहे ते सांगायची मला मनाई. येत्या पुनवेला मला देवळात नेऊन कायमचं बसवायचंही ठरलं. पोटात माती, गळ्यात हार. दगड होऊन बसायचं तेवढं राहिलं होतं, मित्रांनो.

चावडी झाडायची पाळी त्या आठवड्यात शकूची आणि नूरीची होती. शकू सातवीत. गावातली शाळा सातवीपर्यंतच, आणि दिवाळीनंतर तिला पाहायला सावली गावचे पाहुणे येणार होते. झाडता झाडता तिनं कान माझ्या पेटीला लावला. माझं बटण बंद होतं.

घूंऽऽ.

“नूरी, इकडं ये वो! हा बंद हाय, तरी बोलून राह्यला!”

“मंग बापूजीले विचारून दाखव,” नूरी म्हणाली. बाकीच्या पोरीही गोळा झाल्या. “सासरी गेल्यावर तोंड शिवूनच बसाचं हाय तुले. आता तरी उघड!”

आणि तिनं उघडलं. भर दुपारी, भरल्या चावडीत. प्रश्न ऐकून बापूजींचा चेहरा उतरला, मग चढला.

“पोरगी हायेस, पोरीवानी राह्य.”

तिचा बा लटारू खाली पाहू लागला. मायनं पदर तोंडाशी धरला.

“मले उघडून पाहू द्या जी,” शकू म्हणाली. “काई नाई निघालं, तं पाव्हण्यायसमोर मान खाली घालून बसीन. शब्द नाई बोलणार.”

“आन निघालं तं?” बापूजींनी विचारलं.

“तं माह्या बानं अन् मायनं माहं एक ऐकाव.”

लटारूनं पोरीकडे पाहिलं. “ऐकीन,” तो म्हणाला.

शकूनं ओच्यातून एक नवा पैसा काढला आणि त्याच्या कडेनं माझे उरलेले स्क्रू फिरवले. पैसा एकदाही घसरला नाही. दोन वर्षांनी माझ्या पाठीला वारा लागला. आत मुठीएवढं मातीचं घर होतं. त्यातून कुंभारीण उठली आणि घूंऽऽ करत बापूजींच्या पागोट्याभोवती फिरू लागली.

“चांदोबा पळाला वो, चांदोबा!” नूरी ओरडली. बापूजी पागोटं सोडून ओसरीत उतरले. चावडी हसून हसून लोळली.

खरं सांगू? माशी गेली तेव्हा मला जरा ओकंबोकं वाटलं. माझ्या पोटातून निघालेला, दुसऱ्या कुणी धाडलेला नव्हता असा तो एकच आवाज. तोही माशीचा. शकूनं माती काढली, ओच्यानं भोंगा पुसला आणि बटण फिरवलं. मी खाकरलो आणि सांगितलं, की उद्या पूर्व विदर्भात पाऊस पडेल. माणसं धानाकडे पळायच्या तयारीनं उठली.

मला हार नकोत, मित्रांनो. पोळ्याला एकदा फडकं फिरवा, तेवढं पुरे. आणि कुठून नवा आवाज आला, तर आभाळाकडे पाहण्याआधी झाकण उघडून पाहा.

“सांग,” लटारू दारातच थांबून म्हणाला. “कोणतं ऐकाव तुहं?”

शकूनं पैसा मुठीत घट्ट धरला.

“बा, माय, सावलीच्या पाव्हण्यायले निरोप धाडा. नोका येऊ म्हणा. सातवी झाली का मी आत्याच्या घरी राहून आठवी शिकाले चांद्याले जातो.”

मुखरूभाऊंनी कानाला हात लावला. “कुठी? चंद्रावर?”

“आधी चांद्याले, मुखरूभाऊ,” शकू म्हणाली. “बाकीचं मंग पाहू.”