हरभऱ्याएवढा घास

बेटावर पाऊल ठेवलं आणि माझ्या नेमावरच गदा आली.

माझा नेम साधा आहे. सकाळी अंघोळ, देवाचं नाव, आणि कुणातरी मुक्या जिवाच्या तोंडी घास गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही. लग्नाआधीपासून चालत आलेला. घरी असताना त्याची कधी अडचण झाली नाही. मांजर, चिमण्या, नाहीतर कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं, कुणी ना कुणी दारात हजर असायचंच. इथे मात्र बाहेरचं बी बेटावर जाऊ नये म्हणून धक्क्यावर उतरून बुटांचे तळ ब्रशने घासत होते, तोच नणंदेने सांगितलं, "वहिनी, इथे कुणाला काही खायला घालायचं नाही हं. एक दाणासुद्धा बाहेर पडता कामा नये."

"आणि माझा नेम?"

"दादा, तू हिला सांगितलं नाहीस?"

हे समुद्राकडे बघायला लागले. अवघड प्रश्न आला की यांना क्षितिज फार आवडतं.

हे या बेटाचे राखणदार. धाकटी नणंद पक्ष्यांची अभ्यासक. आणि मी, या हंगामापुरती, दोघांच्या पोटाची काळजी घ्यायला आलेली. आमच्याशिवाय बेटावर माणूस नाही. पूर्वी मात्र माणसं येऊन जायची. जहाजं पाण्यासाठी थांबायची आणि खलाशी पोती भरभरून पक्षी न्यायचे. इथला पक्षी उडायचंच विसरलेला. माणसाला भ्यायचं तर त्याला ठाऊकच नव्हतं, उलट कोण आलंय बघायला जवळ यायचा. मग एक जहाज खडकावर फुटलं. माणसं बुडाली, उंदीर पोहून वर आले. त्यांनी अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, वर्षानुवर्षं खात राहिले. शेवटी उरलेसुरले पक्षी पकडून दूर पिंजऱ्यात सांभाळावे लागले. बेटावरचे उंदीर संपवायला यांची आणि यांच्या सोबत्यांची उमेदीची वर्षं गेली. नणंदेने पक्षी परत आणून सोडले, त्यालाही आता दोन हंगाम झाले. आम्ही त्यांना बुटके म्हणतो. आखूड पाय, गोल पोट, चालताना मालकाच्या तोऱ्यात. जोड्या जमल्या होत्या, घरटी झाली होती. पिल्लू मात्र अजून एकही दिसलं नव्हतं.

माझ्या नेमावर तोड काढली नणंदेनेच. उंदीर परत आला तर कळावं म्हणून बेटभर प्लास्टिकच्या काळ्या नळ्या ठेवलेल्या आहेत, हातभर लांबीच्या. आत एक पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या मधोमध शाईचा पट्टा, आणि शाईच्या मधोमध शेंगदाण्याच्या पेस्टचा ठिपका. उंदीर खायला शिरला की पायाला शाई लागते आणि जाताना पुठ्ठ्यावर ठसे उमटतात.

"हे काम तू घे," ती म्हणाली. "रोज घास ठेवायचा. कुणी खाल्ला नाही म्हणजे आपलं भाग्य."

"म्हणजे पाहुण्याला पान वाढायचं आणि तो येऊ नये म्हणून हात जोडायचे?"

"अगदी तसंच."

मी मनाची समजूत घातली. घास ठेवणं आपल्या हातात, खाणारा पाठवणं देवाच्या. रोज सकाळी पेस्टचा डबा घेऊन निघायचे. एकेका नळीत बघायचे, पुठ्ठा कोरा, ठिपका जिथल्या तिथे. बरं वाटायचं. पण मन मोठं विचित्र असतं. परत येऊन ताटावर बसलं की वाटायचं, आजही माझ्या हातचं कुणी खाल्लं नाही.

आणि एके सकाळी ओढ्याजवळच्या नळीतली पेस्ट साफ झालेली होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. क्षणभरच. मग पुठ्ठा बाहेर ओढला. पुठ्ठाभर काळा चिखल. शाई आणि तेल एकमेकांत कालवलेलं, ठसा म्हणावा असा एकही नाही.

नणंदेने तो पुठ्ठा उजेडात धरला, वाकडा केला, भिंगातून पाहिला. मग म्हणाली, "वहिनी, ठिपका केवढा ठेवला होतास?"

"ठेवला होता... नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे?"

"चांगला मोठा चमचाभर."

"मी हरभऱ्याएवढा म्हटलं होतं!"

"अगं, हरभऱ्याएवढा घास कुणाला घालतात का? हात आखडून दिलेलं देवाला पोचत नाही."

"देवाला पोचलं नसेल, शाईला मात्र पोचलं. सगळं तेल पसरलंय. उंदीर होता, खेकडा होता की तुझा देव होता, काही कळत नाही आता."

हे मध्ये पडले. "जाऊ दे ना. तिने मायेनं—"

"दादा, तू समुद्र बघ."

हसू कुणालाच आलं नाही. कारण तिघांनाही कळत होतं. उंदीर असेल तर एका दिवसाचाही उशीर परवडणार नव्हता. बुटक्यांना पकडून पुन्हा पिंजऱ्यात न्यावं लागलं असतं, तेही ऐन घरट्यांच्या दिवसांत. पक्षी उठला की अंडी थंडच व्हायची. नणंदेची सगळी मेहनत मातीत. तिने वायरलेसवरून बोटवाल्याला निरोप दिला. एवढ्याशा होडीचा मालक, पण आम्ही त्याला कॅप्टन म्हणतो, कारण तो स्वतःला म्हणतो.

"पिंजरे घेऊन उद्या सकाळी ये."

"रिकामे?" पलीकडून खरखरत आवाज आला.

"रिकामेच. भरून न्यायचे आहेत बहुतेक."

दुपारी मला घास उतरला नाही. माझ्या एका चमच्यापायी पक्ष्यांची घरं मोडणार, हेच डोक्यात घोळत होतं. देवासमोर बसले, पण मागावं काय तेही सुचेना. एका जिवाला जगव म्हणायचं, तर दुसऱ्याचा घास काढ म्हटल्यासारखं होत होतं. शेवटी म्हटलं, जे असेल ते नीट दिसू दे, बस.

संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात आली. "मैदा किती आहे?"

"डबाभर आहे. का गं?"

"दे. सापळे लावले तर बुटकेच अडकतील. इथली वाळू जाडी, ठसा धरत नाही."

"एक दाणा बाहेर नको म्हणणारी तू!"

"मैदा आहे, दाणा नाही," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि सकाळी तूच झाडून घेणार आहेस."

ओढ्याकाठच्या नळीभोवती आम्ही दोघींनी चाळणीने मैदा पसरला, पातळ, सारखा. आत नवा पुठ्ठा ठेवला. ठिपका ठेवताना ती माझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती. हरभऱ्याएवढा. एक कणही जास्त नाही.

उजाडताच निघालो. खाली धक्क्यावर कॅप्टनच्या होडीची फटफट ऐकू येत होती. नणंद पुढे, मागे मी, सर्वात मागे हे. नळीपाशी पोचली आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं, संपलं.

"वहिनी, इकडे ये. हळू. पाय जपून."

मैद्यावर ठसे होते. तीन बोटं पुढे, एक मागे. माझ्या करंगळीच्या नखाएवढे, इकडून तिकडे, एकमेकांवरून, शाळा सुटल्यावर अंगणात होतात तसे. आणि बाजूला, मैद्याच्या कडेला, तसेच पण मोठे ठसे. आई बाहेर उभी राहिली असणार.

"पिल्लं," नणंद म्हणाली. "तीन तरी आहेत. अगं, बुटक्याची पिल्लं आहेत ही."

पुठ्ठ्यावर तेच ठसे, काळे, स्वच्छ, मोजून घ्यावेत असे. शेपटीची रेघ नाही, उंदराचं नावनिशाण नाही. हे समुद्राकडे वळले. या वेळी प्रश्न कुणी विचारला नव्हता, पण खांदे हलत होते, म्हणून मीही यांच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले.

तेवढ्यात झुडपातून काहीतरी खुसफुसलं. काळ्या कापसाचा एक गोळा बाहेर आला, आमच्याकडे मान वाकडी करून पाहिलं, चोचीच्या टोकाला शाई लागलेली. मग आईने आतून हाक मारली तसा गेला.

कॅप्टन पिंजरे खांद्यावर घेऊन चढ चढून आला, घामाघूम. "कुठे ठेवू?"

"परत होडीत," नणंद म्हणाली.

"म्हणजे मी एवढ्या लाटांतून पिंजऱ्यांना नुसतं फिरवून आणलं?"

"हवा बदलली त्यांची. बस, जेवून जा."

मी मैदा झाडून घेतला. पिल्लांना आयत्या खाण्याची सवय लागू नये म्हणून नळीही तिथे ठेवून चालणार नव्हतं. यांनी तारेने ती झाडाच्या खोडाला बांधली, छातीच्या उंचीवर. उंदीर चढतो, बुटका चढत नाही. मग एकेक करून बाकीच्याही नळ्या वर गेल्या.

"वाईट वाटतंय?" नणंदेने विचारलं. "आता खरंच कुणी येणार नाही जेवायला."

"एकदा येऊन गेलं ना लेकुरवाळं घर," मी म्हटलं. "आता त्यांचं त्यांनी खावं. माझ्यावाचून त्यांचं पोट भरतंय, यापेक्षा मी आणखी काय वाढणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, देवाचं नाव घेतलं आणि डबा घेऊन निघाले. खोडाला बांधलेल्या नळीतला पुठ्ठा कोरा करकरीत. हरभऱ्याएवढा घास ठेवला, हात जोडले. खाली ओढ्याकाठी पाला उलटापालटा होत होता, मायलेकरांची न्याहारी चालली होती.

घरी आले, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.